ऊन घेणारा काळा, ऊन राखणारा काळा

सुरतेहून भुसावळकडे जाणारा ताप्ती खोऱ्याचा लोहमार्ग, जो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टप्प्याटप्प्याने वाहतुकीस खुला झाला, तो नवापूर येथे गुजरात-महाराष्ट्राची सरहद्द ओलांडतो आणि नंदुरबार गाठण्यापूर्वी ज्या लहान स्थानकांवरून पुढे सरकतो, त्यांत खांडबारा हे एक आहे. नवापूर तालुक्यातील हे गाव आसपासच्या मावची, कोकणी आणि भिल्ल वस्तीच्या पाड्यांना गाडीसाठी आणि बाजारासाठी जवळचे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सरकारी दप्तरांत खांडबाऱ्याचा जिल्हा बदलला. परंतु या मुलखाच्या जीवनक्रमावर ज्याचा खरा अंमल चालतो, तो सूर्य होता तोच राहिला.

हा अंमल केवळ शेतीपुरता नाही. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले वेचून आणली की ती अंगणात वाळतात; कैऱ्या उतरल्या की सातपुड्याच्या बाजूला, धडगाव-अक्कलकुव्याकडे, त्यांच्या फोडी उन्हात पसरून आमचूर तयार होतो; आणि शरद ऋतू सरता सरता नंदुरबारच्या बाजारात ओल्या लाल मिरचीची आवक सुरू झाली की शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर तिच्या पथाऱ्या पडतात, इतक्या विस्तीर्ण की दुरून पाहणाऱ्याला जमिनीचाच रंग पालटल्यासारखे वाटावे. या तिन्ही व्यवहारांत इंधनाचा खर्च जवळजवळ शून्य. सारी उष्णता आकाशातून विनामूल्य येते. आणि तरीही एखाद्या वर्षी मार्गशीर्षात अवकाळी पावसाची सर येते, पथारीवरची मिरची भिजते, काळी पडते, तिला बुरशी लागते, आणि महिन्याभराची मेहनत व्यापाऱ्याच्या व मजुराच्या डोळ्यांदेखत मातीमोल होते.

उन्हाची या प्रदेशाला वाण नाही. आपल्या राज्यात वर्षाच्या सरासरीने एक चौरस मीटर भूमीवर दररोज सुमारे पाच युनिट विजेइतकी सौर ऊर्जा पडते, आणि उन्हाळ्यात, पारा चाळीस अंशांपलीकडे गेला असता, ती याहूनही अधिक असते. वाण आहे ती हे ऊन ग्रहण करून, त्याची उष्णता हातची न घालवता, आपल्या कामाच्या वेळी आपल्या कामाच्या तापमानाला उपलब्ध करून देणाऱ्या साधनांची. त्या साधनांच्या अंतर्यामी धातूच्या पत्र्यावर चढवलेला, मायक्रॉनच्या अंशमात्र जाडीचा एक काळा थर असतो. आणि या थराचा इतिहास, त्याचे शास्त्र व त्याच्या मर्यादा ज्याला समजल्या, त्याला खांडबाऱ्याच्या उन्हाचे काय करावे या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळाले, असे मला निश्चयपूर्वक वाटते.

कुलाब्याचा प्रयोग

सूर्याच्या उष्णतेने इंजिन चालवण्याचा एक संस्मरणीय प्रयोग आपल्याच मुंबईत झाला, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. विल्यम ॲडम्स नावाचा एक इंग्रज गृहस्थ मुंबईत डेप्युटी रजिस्ट्रारच्या हुद्द्यावर होता. कचेरीचे काम सांभाळून त्याने १८७० नंतरच्या दशकात सौर उष्णतेचा ध्यास घेतला. ऑगस्टँ मूशो या फ्रेंच संशोधकाने शंकूच्या आकाराचे आरसे वापरून वाफ निर्माण केली होती. ॲडम्सने त्या महागड्या आकाराऐवजी बाजारात सहज मिळणारे सपाट आरसे मोठ्या संख्येने अर्धवर्तुळात मांडून त्यांचा सारा प्रकाश एकाच बाष्पकावर पाडला, आणि कुलाब्यातील आपल्या आवारात त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालवून दाखवले. आरशांच्या आणखी एका लहान उपकरणाने त्याने जानेवारी महिन्यात, म्हणजे मुंबईच्या सर्वांत थंड ऋतूत, सात शिपायांचा शिधा दोन तासांत शिजवला. १८७८ साली त्याने आपल्या प्रयोगांचा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, आणि त्याच्या नावातच उष्ण कटिबंधातील देशांत सौर उष्णता ही इंधनाची जागा घेऊ शकते असा दावा केला.

दावा रास्त होता; पण तो पुढे फळास आला नाही. त्याची एक कारणमालिका आर्थिक आहे: कोळसा रेल्वेने गावोगाव पोहोचू लागला आणि स्वस्त झाला. दुसरी पदार्थविज्ञानाची आहे. सूर्याचे किरण शोषण्यासाठी भांडे काळे करावे हे मनुष्यजातीला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे; परंतु काजळीने किंवा रंगाने काळे केलेले भांडे तापले की ते तितक्याच उत्साहाने आपली उष्णता भोवतालच्या हवेत आणि आकाशात विकिरित करू लागते, आणि तापमान जसजसे वाढते तसतशी ही गळती झपाट्याने वाढत जाते. फुटक्या घागरीत पाणी भरावे तशी ही स्थिती. आरसे वाढवून ओघ वाढवता येतो. छिद्र बुजवण्याचा उपाय मात्र ॲडम्सच्या काळी कोणालाही माहीत नव्हता.

किर्चहॉफचा नियम आणि त्यातील वाट

हा उपाय सुचण्यास इतका विलंब का लागला, याचे कारण एका नियमात आहे. १८५९ साली गुस्टाव्ह किर्चहॉफ या जर्मन शास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले की एखादा पृष्ठभाग विशिष्ट तरंगलांबीचे प्रारण ज्या प्रमाणात शोषतो, त्याच तरंगलांबीचे प्रारण तो तापल्यावर त्याच प्रमाणात उत्सर्जित करतो. वरवर पाहता हा निकाल निराशाजनक आहे. जो उत्तम शोषक तोच उत्तम उत्सर्जक, मग घेणारा काळा हा देणाराही असणारच. परंतु नियमातील ‘त्याच तरंगलांबीचे’ हे बंधन नीट वाचले की त्यातच एक वाट मोकळी असल्याचे ध्यानात येते.

सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सियस आहे, आणि म्हणून त्याचे बहुतेक सारे प्रारण ०.३ ते २.५ मायक्रॉन या आखूड लांबीच्या पट्ट्यात आपल्यापर्यंत येते. उलट, शंभर अंशांपर्यंत तापलेला पत्रा जे प्रारण बाहेर टाकतो, ते जवळजवळ सर्व तीन मायक्रॉनपलीकडच्या अवरक्त पट्ट्यात असते आणि त्याचा जोर आठ मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असतो. हे दोन पट्टे परस्परांना जवळपास स्पर्शही करीत नाहीत. तेव्हा आखूड लांबीच्या प्रकाशाला जो काळा आणि लांब पल्ल्याच्या अवरक्त प्रारणाला जो लख्ख आरशासारखा, असा पृष्ठभाग निर्माण करता आला, तर किर्चहॉफच्या नियमाचा अणुमात्र भंग न करता सूर्याकडून भरभरून घेता येईल आणि घेतलेले राखताही येईल.

हा भेद किती मोलाचा, याचा हिशेब स्टेफान व बोल्ट्झमन यांच्या सूत्रावरून कोणालाही मांडता येतो. पत्र्यावरचे काचेचे आवरण आणि वाऱ्याने होणारा ऱ्हास क्षणभर बाजूला ठेवू, आणि भोवताल तीस अंशांवर आहे असे धरू. एक चौरस मीटर पत्रा साध्या काळ्या रंगाचा असून शंभर अंशांवर असेल, तर निव्वळ विकिरणाने तो साडेपाचशे वॅटच्या वर उष्णता गमावतो. भर दुपारच्या स्वच्छ उन्हातून त्याला मिळतात सुमारे एक हजार वॅट, म्हणजे निम्म्याहून अधिक कमाई परस्पर जाते. त्याच पत्र्याची उत्सर्जकता नऊ-दशांशावरून एक-दशांशावर आणली, तर गळती साठ वॅटच्या घरात येते. ऊन तेच, पत्रा तोच. बदलला तो केवळ काळेपणाचा स्वभाव.

टेबॉरचे काळे निकेल

हा स्वभाव प्रत्यक्ष घडवण्याचे श्रेय प्रामुख्याने हॅरी टेबॉर यांना आहे. १९१७ साली लंडनमध्ये जन्मलेले टेबॉर नव्याने स्थापन झालेल्या इस्राएलमध्ये गेले आणि तेथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची धुरा त्यांनी वाहिली. कोळसा नाही, तेल नाही, ऊन मात्र अमाप, अशा त्या देशात घराघरांच्या छपरांवर पाणी तापवण्याच्या साध्या पेट्या दिसत होत्या, आणि त्यांची कार्यक्षमता बेताचीच होती. १९५५ साली अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात सौर ऊर्जेवर जी मोठी परिषद भरली, तीत टेबॉर यांनी निवडक शोषण करणाऱ्या पृष्ठभागांची संकल्पना व ते तयार करण्याची कृती मांडली. गियर आणि डंकल या अमेरिकन संशोधकांनीही त्याच सुमारास याच दिशेने काम सादर केले. टेबॉर यांच्या कृतीतील मुख्य द्रव्य होते काळे निकेल.

काळे निकेल ही वस्तू तेव्हा नवी नव्हती. पितळेच्या शोभिवंत वस्तूंना, मोजमापाच्या उपकरणांना आणि दुर्बिणींच्या भागांना झळाळी नको असे, तेव्हा मुलामा देणारे कारागीर ती फार पूर्वीपासून वापरीत. टेबॉर यांनी या शोभेच्या थराकडे अवरक्त किरणांच्या दृष्टीने पाहिले, हेच त्यांचे मोठेपण. विधी असा, की जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा किंवा चकचकीत निकेल चढवलेला पत्रा प्रथम तेलकटपणा काढून, आम्लात बुडवून आणि पाण्याने धुऊन स्वच्छ करावयाचा. नंतर तो निकेल सल्फेट, झिंक सल्फेट, अमोनियम सल्फेट आणि थायोसायनेट यांच्या किंचित आम्ल द्रावणाच्या हौदात ऋणाग्र म्हणून टांगावयाचा, आणि अतिशय सौम्य विद्युत्‌प्रवाह अगदी अल्प काळ सोडावयाचा. पत्र्यावर निकेल, जस्त आणि गंधक यांच्या संयुगांचा एक सूक्ष्म काळा थर बसतो. प्रवाहाची घनता मध्येच बदलून भिन्न गुणांचे दोन थर एकावर एक चढवले, तर त्यांच्या सीमांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी परस्परांना निष्प्रभ करतात आणि शोषण आणखी वाढते.

येथे जाडीला विलक्षण महत्त्व आहे. थर फार पातळ राहिला तर पत्र्यावर तपकिरी, निळसर छटा उमटतात आणि प्रकाश परत जातो. फार जाड झाला तर काळेपणा डोळ्यांना गडद वाटतो खरा, पण खालच्या चकचकीत धातूचा आरसा झाकला जातो आणि उत्सर्जकता चढते. म्हणजे ज्या पत्र्याकडे पाहून ग्राहक ‘अधिक काळा’ म्हणून संतोष पावेल, तोच पत्रा कामाला उणा ठरण्याचा संभव आहे. नीट साधलेला थर सौर प्रारणाचे नव्वद टक्क्यांहून अधिक शोषण करतो आणि उत्सर्जन मात्र एक-दशांशाच्या आसपास ठेवतो. इस्राएलमध्ये अशा पत्र्यांचे कारखानदारी उत्पादन सुरू झाले. पुढे १९८० साली तेथे नव्या निवासी इमारतींवर सौर जलतापक बसवणे कायद्याने सक्तीचे झाले.

गुणांबरोबर दोष

काळ्या निकेलची स्तुती करणाऱ्याने त्याचा मोठा दोष सांगितलाच पाहिजे: ओलाव्यापुढे हा थर टिकाव धरीत नाही. पेटीच्या काचेची सांधेबंदी ढिली झाली, आत बाष्प शिरले, रात्री ते पत्र्यावर दवरूपाने बसले आणि दिवसा तापले, असे ऋतूमागून ऋतू होत राहिले, की थर विटतो, सुटतो आणि त्याचा निवडकपणा नष्ट होतो. इस्राएलच्या कोरड्या हवेत जे निभले, ते नवापूर तालुक्याच्या पावसात, जो जिल्ह्याच्या पूर्वभागापेक्षा पुष्कळच अधिक आहे, तितके निभेलच असे नाही. याच कारणास्तव काळ्या क्रोमियमकडे संशोधकांचे लक्ष गेले; १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या अंतराळ संस्थेतील संशोधनाने सौर कामासाठी त्याची योग्यता सिद्ध झाली, आणि चिवटपणामुळे पुढे सपाट पेट्यांच्या तांब्याच्या पत्र्यांवर तेच अधिक प्रचलित झाले. आपल्या देशातही या विषयाचा गाढ अभ्यास झाला आहे. अग्निहोत्री आणि गुप्ता या भारतीय संशोधकांनी १९८१ साली निवडक सौर पृष्ठभागांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ या शास्त्राच्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडतो.

दुसरा दोष हौदाचा आहे. निकेलच्या क्षारांनी हाताला चिघळणारा इसब होतो, आणि निकेलची संयुगे तसेच काळ्या क्रोमियमच्या हौदातील षट्संयुजी क्रोमियम ही दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातली आहेत. मुलाम्याच्या कारखान्यातील मजुराला हातमोजे, हौदावर वाफ ओढून घेणारी यंत्रणा आणि सांडपाण्यातून धातू वेगळा करण्याची व्यवस्था, या तिन्हींवाचून जे निर्माण होते त्याला स्वच्छ ऊर्जा हे नाव शोभत नाही. छपरावरचा धूर वाचवून नाल्यात विष सोडणे हा सौदा कोणत्याही गावाने पत्करू नये.

या दोषांमुळेच गेल्या काही दशकांत मुलाम्याच्या हौदाऐवजी निर्वात पेटीत धातूची वाफ बसवण्याच्या पद्धती पुढे आल्या, आणि दुहेरी काचेच्या निर्वात नळ्या, ज्यांच्या आतील नळीवर असा निवडक थर असतो आणि ओलाव्याचा प्रश्नच उद्भवत नाही, त्या बाजारात सर्वत्र दिसू लागल्या. म्हणजे काळ्या निकेलची कृती मागे पडत गेली, पण त्याने शिकवलेले तत्त्व आज लाखो छपरांवर काम करीत आहे.

कोणत्या कामाला कोणता काळा

आता हे सारे शास्त्र घेऊन पुन्हा नंदुरबारच्या व्यवहाराकडे यावे. येथे उष्णतेची कामे तीन प्रकारची आहेत, आणि प्रत्येकाचे तापमान वेगळे आहे.

पहिले काम वाळवणाचे. ओल्या मिरचीत सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते असे धरले, तर शंभर किलो मिरची दहा टक्के ओलाव्यापर्यंत वाळवण्यासाठी बहात्तर किलो पाणी उडवावे लागते. एक किलो पाण्याची वाफ करण्यास साधारण दोन-तृतीयांश युनिट उष्णता लागते. म्हणजे सारे मिळून सुमारे अठ्ठेचाळीस युनिट. दर चौरस मीटरला रोज पाच युनिट ऊन मिळाले आणि त्यातील एक-तृतीयांशच कामी आले, तरी तीस चौरस मीटरची बंदिस्त सौर वाळवणी हे काम एका चांगल्या दिवसाच्या उष्णतेत करू शकते. प्रत्यक्षात मिरचीच्या सालीतून पाणी सावकाश बाहेर पडते म्हणून दिवस अधिक लागतील, पण पाऊस, धूळ आणि जनावरे यांच्यापासून माल सुरक्षित राहील, आणि थेट उन्हाने उडणारा तिचा लाल रंगही अधिक टिकेल. या कामाला लागणारी हवा पन्नास-साठ अंशांची. तेथे विकिरणाची गळती मुळात लहान, आणि काचेमुळे ती आणखी घटते. तेव्हा येथे निकेल नको, क्रोमियम नको, साधा टिकाऊ काळा रंग दिलेला पत्रा पुरतो. या साधेपणाचे फळ महाराष्ट्राने पाहिले आहे. वैभव तिडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या ‘एस फॉर एस’ या उपक्रमाने ग्रामीण महिलांच्या हाती सौर वाळवण यंत्रे देऊन शेतमालावर प्रक्रिया सुरू केली, आणि २०२३ साली त्याला कचरामुक्त जगाच्या विभागातील ‘अर्थशॉट’ पारितोषिक मिळाले. धुळ्यात प्राध्यापक अजय चांडक यांनी सौर पाकयंत्रे आणि वाळवणी यांची सुटसुटीत, स्थानिक कारागिराला जमतील अशी रचना करण्यात दीर्घकाळ परिश्रम केले आहेत. खांडबाऱ्याला हा मार्ग दूरचा नाही.

दुसरे काम गरम पाण्याचे. या जिल्ह्यात आश्रमशाळांची संख्या मोठी आहे, आणि सातपुड्याच्या डाब-तोरणमाळ परिसरात थंडी इतकी कडक पडते की दव गोठल्याच्या वार्ता येतात. शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर नेण्यास चार हजार किलोकॅलरी उष्णता लागते. तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा दहावा हिस्साच भांड्याला मिळतो असे धरले, तर या एवढ्या पाण्याला सुमारे दहा किलो सरपण खर्ची पडते. आणि तेच काम सुमारे दोन चौरस मीटरची सौर पेटी करू शकते. येथे निवडक थराचा लाभ खरा आहे, विशेषतः पौष-माघातील मंद उन्हात आणि गार हवेत, जेव्हा पेटी व भोवताल यांच्या तापमानातील अंतर वाढलेले असते. पण येथेच खानदेशातील जड पाण्याचा प्रश्नही येतो. नळ्यांत क्षाराचे पुट साचले, की सर्वोत्तम काळा थरही निरुपयोगी होतो. म्हणून थराच्या गुणवत्तेइतकीच नळ्या वेळच्या वेळी साफ करणाऱ्या माणसाची नेमणूक महत्त्वाची आहे.

तिसरे काम वाफेचे. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाने २००९ साली प्रत्येकी सोळा चौरस मीटरच्या त्र्याहत्तर शेफलर तबकड्या, म्हणजे ऊन एकवटणारे वक्र आरसे, प्रसादालयासाठी उभारल्या आणि त्यांच्या वाफेवर भाविकांचे अन्न शिजू लागले. लातूरच्या महानंद दुग्धालयात, मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील डॉ. शिरीष केदारे यांच्या सहभागाने विकसित झालेली ‘अरुण’ ही अजस्र तबकडी दुधाच्या पाश्चरीकरणाला उष्णता पुरवण्यासाठी बसवली गेली. शंभर अंशांपलीकडच्या या कामांत विकिरणाची गळती हा मुख्य शत्रू होतो. तेथे आरशांनी प्रकाश लहान ग्राहकावर एकवटून गळतीला जागाच अल्प ठेवावयाची, आणि उष्णता सोसणारा निवडक थर मिळत असेल तर त्याचीही जोड द्यावयाची. ॲडम्सने कुलाब्यात जी अर्धी वाट चालून दाखवली, तिचा उरलेला भाग हा आहे.

सरकारास आणि वाचकांस

नवापूरच्या शेजारच्या साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर विद्युत प्रकल्प २०१३ साली सुरू झाला, आणि तो या भागाच्या अभिमानाचा विषय आहे. परंतु सौर ऊर्जा म्हणजे वीजच, असा जो समज रूढ होत चालला आहे, तो येथील गरजांना न्याय देणारा नाही. साधारण सौर पट्टी उन्हाचा पाचवा हिस्साच विजेत रूपांतरित करते. चांगली तापक पेटी त्याच उन्हाचा निम्मा भाग उष्णतेच्या रूपाने हाती देते. मिरचीला, मोहाला, आंघोळीच्या पाण्याला हवी आहे ती उष्णता. तिच्यासाठी आधी वीज करून मग तापवणे हा द्रव्याचा आणि उन्हाचा अपव्यय आहे.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. महाऊर्जा, आदिवासी विकास विभाग आणि कोळदे येथील कृषि विज्ञान केंद्र यांनी मिळून या जिल्ह्यासाठी कामानुसार साधनांची निवड करणारी एक योजना आखावी: वाळवणीला साधा काळा रंग आणि गावातच घडवलेली पेटी, आश्रमशाळांच्या स्नानगृहांना निवडक थराच्या, सांधे पक्के बंद असलेल्या पेट्या किंवा निर्वात नळ्या, आणि त्यांच्या देखभालीसाठी तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलेले स्थानिक तरुण, मोठ्या स्वयंपाकघरांना वाफेच्या तबकड्या. खरेदीच्या निविदेत पेटीच्या किमतीबरोबर थराची शोषकता, उत्सर्जकता आणि पाच पावसाळ्यांनंतरची त्याची अवस्था यांची हमी लिहून घ्यावी, कारण नवा पत्रा सर्वांचाच काळा असतो. आणि ज्या वाचकाच्या स्वतःच्या छपरावर सौर पेटी असेल, त्याने या दिवाळीच्या साफसफाईत काच पुसावी, रबराचा सांधा तपासावा, आत दव जमते का ते पाहावे, आणि जमत असेल तर ती पेटी याच महिन्यात दुरुस्त करून घ्यावी.